तिसरा पुकारा

पहिला पुकारा फकिराने कोर्टाच्या दारातून दिला.

“जिजाबाई जौजे पुनाराम, साकिन परसवाडा, हाजिर होऽ!”

कुणी आलं नाही.

बालाघाटच्या त्या कोर्टात फकिरा बावीस वर्षं चपराशी होता. छातीवरचा लाल पट्टा झिजला, गळा झिजला नव्हता. रीत साधी होती. तीन पुकारे करायचे. तिसऱ्यालाही दावेदार आला नाही तर दावा खारीज. आपल्या आवाजापायी कुणाचा दावा बुडाला असं त्याने आजवर होऊ दिलं नव्हतं, अन् याचा त्याला भारी अभिमान होता.

आज मात्र सर्दीने घसा धरला होता. आजच्या दिवस दुसरा चपराशी पुकारेल, असं साहेबांपुढे कागद ठेवणारे पेशकार नीळकंठराव सकाळीच म्हणाले होते. फकिराने ऐकलं नाही. मुन्सिफ साहेब नवे, येऊन आठच दिवस झालेले; कोण कोणाचा, त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

जिजाबाईचा दावा रामपायलीच्या चार एकर धानाच्या बांध्यांचा होता. बाप गेला, अन् तेरवीचं जेवण पचायच्या आत भावाने सगळं शेत आपल्या नावावर चढवून घेतलं. नव्या कायद्याने लेकीलाही हिस्सा होता, पण भावाची मूठ सुटेना. तीन राख्या कोरड्या गेल्या. त्यात नवरा आजारी, म्हणून मागच्या दोन तारखांना तिला येता आलं नव्हतं; आधीच्या साहेबांनी दोन्ही वेळा तारीख वाढवून दिली होती. आज चुकली तर सगळंच गेलं.

व्हरांड्यात गुणाकर वकील उभे होते. भावाकडून तेच लढत होते. त्यांनी फकिराला खांबाआड घेतलं.

“परसवाड्याची मोटार अजून आली नाही. उरलेले दोन पुकारे उरकून टाक. तोंडातल्या तोंडात म्हटलंस तरी चालेल.”

“तसं नाही जमत मले, वकीलसाहेब.”

“लेकराबाळांचा तरी विचार कर.”

फकिराने केला. घरात दोन पोरी लग्नाच्या होत्या, अन् होय म्हटलं तर पदरात काय पडणार हे त्याला चांगलं कळत होतं. हाव कुणाला सुटली आहे? त्यालाही होतीच.

तो माठाकडे गेला, सावकाश पाणी प्याला. मग व्हरांड्याच्या टोकावरून दुसरा पुकारा दिला. बसस्टँडकडे नुसती धूळ होती. आतून साहेबांनी विचारलं, और कितनी देर?

खरं तर पुकारा दारातूनच द्यायचा असतो. फकिरा पायऱ्या उतरला अन् झाडाखालच्या अर्जनविसांना ओलांडून थेट फाटकापर्यंत गेला. मागून वकिलांनी हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. सडकेवरून लाकडाचा ट्रक खडखडत चालला होता. ट्रक जाईस्तोवर तो थांबला. तेवढ्यात दूर वळणावर मोटार दिसली.

फकिराने छाती भरून घेतली. नाव ओढून ओढून पुकारलं, इतकं की शेवटी आवाज फाटला.

जिजाबाई धावतच आली. कागदांचं गाठोडं छातीशी, पाय धुळीने भरलेले. फकिराकडे न बघता ती आत शिरली अन् दावेदाराच्या जागी उभी राहिली. वकिलांनी कपाळाला हात लावला.

साहेबांनी फाईल उघडली. “प्रतिवादी को पुकारो.”

फकिरा दारात आला. “फकिरा वल्द चैतराम, साकिन रामपायली, हाजिर हो,” एवढंच कसंबसं म्हणाला. मग लाल पट्टा काढून खुंटीला अडकवला, अन् आत येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

जिजाबाईने तीन वर्षांनी त्याच्याकडे पाहिलं.

“दादा, घसा बसला ना तुया,” ती म्हणाली. “पानी पेऊन घे आधी.”