आज भट्ट्या बंद

लान्यिंगने बटण दाबलं आणि चार नंबरची भट्टी गुरगुरायला लागली.

खरं तर आज एकही भट्टी पेटायची नव्हती. दारावर तसा कागदच चिकटवलेला: पाहुणे जाईपर्यंत भट्ट्या बंद. बाओतोऊच्या ह्या कारखान्यात कोणी मोठं माणूस यायचं म्हटलं की हे ठरलेलंच. आदल्या रात्रीपासून सगळं गार, म्हणजे चिमणी कशी धुतल्यासारखी! आज तर बीजिंगहून दोन साहेब, प्रांतातले तज्ज्ञ, वर टीव्हीवाले. मैदानात लाल गालिचा, आणि संचालक श्यांग माईक फुंकून बघतोय.

दाखवायचं काय, तर विटा. दुर्मिळ मातीच्या, म्हणजे सेरियमसारख्या धातूंच्या, मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांच्या. सहाशे डिग्रीच्या धुरात बसवायच्या, थोडा अमोनिया सोडायचा, की नायट्रोजनच्या विषारी वायूची साधी हवा होऊन बाहेर पडते. आणि गंमत बघा, ह्याच विटांची पूड भाजताना तोच वायू सुटतो, पिवळाजर्द, आणि ह्यांच्या स्वतःच्या चिमणीत एक वीट बसवलेली नाही! विकायचा माल घरी कोण वापरतो?

भट्टीत कालची भरती तशीच होती. सेरियम नायट्रेटची, म्हणजे त्याच कच्च्या पुडीची, बेचाळीस मातीची तसराळी. काढायला कोणाला वेळच झाला नव्हता.

नव्वद. एकशेवीस. एकशेसाठ. लान्यिंग इथेच झाडलोटीला होती, सगळी दारं तिला उघडी; आता ती काट्यावरची नजर हलवत नव्हती.

ह्याच भट्टीवर तिचा नवरा देशुन एकवीस वर्षं उभा होता. आता तीन वर्षं झाली, कामगारांच्या कॉलनीत, चौथ्या मजल्यावर, नाकात नळी घालून बसलेला असतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कंपनीने लिहून दिलं: इथे कसलाही वायू नाही, हा माणूस रोज दोन पाकिटं सिगारेट ओढतो. देशुनने जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही. खाली साक्षीदाराची सही होती, लुओची. लुओ, त्याचाच चेला, आता फोरमन.

आणि तोच लुओ धावत आत आला.

"वहिनी! अहो हे काय? बंद करा!"

"ये लुओ. नाश्ता झाला का?"

"डोकंबिकं फिरलंय का तुमचं? दोनशेच्या वर गेली तर धूर सुटेल!"

"अडीचशेला सुटतो. उस्तादांनी शिकवलं होतं ना तुला? विसरलास एवढ्यात?"

तो बटणाकडे झेपावला. ती मध्ये उभी राहिली. त्याच्या खांद्याला लागेल एवढीशी बाई, पण हलेना.

"वहिनी, पाया पडतो. नोकरी जाईल माझी."

"मग सिगारेटची टपरी टाक. रोज दोन पाकिटं घेणारं गिऱ्हाईक तुझ्या ओळखीचं आहेच."

लुओचे कान लालबुंद झाले. "सही घेतली माझ्याकडून. मी काय करणार होतो?"

"तेच म्हणते मी. तूच सही केलीस की इथे वायू नाही. नाहीच, तर मग घाबरतोस कशाला? नसलेला वायू येणार कुठून?"

बाहेर टाळ्या पडत होत्या. काटा दोनशेदहावर. एका हाताने त्याने तिला बाजूला केलं असतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. तो मात्र मागे सरकत सरकत दारापर्यंत गेला.

"मी इथे आलो नव्हतो, वहिनी. मी काही बघितलं नाही."

"ते तर तुला जमतंच."

दार लागलं. तिने आतून कडी घातली, मोबाईल घेतला आणि मागच्या लोखंडी जिन्यावर गेली. तिथून सगळं मैदान दिसतं.

आधी नुसती एक रेघ, फिक्क्या चहासारखी. मग पिवळी. मग एकदम गंजासारखा तांबूस लोट, जाड, भपकन! श्यांगची पाठ चिमणीकडे. तो आपला शहराच्या निळ्या आकाशावर बोलतोय, आणि समोर सगळ्यांच्या माना हळूहळू वर. त्याला वाटलं लोक भारावले, म्हणून त्याने आवाज आणखी चढवला! शेवटी टीव्हीच्या कॅमेऱ्याने त्याला सोडून वर मान केली. बीजिंगच्या साहेबाने नाकाला रुमाल लावला. तेव्हा कुठे श्यांग वळला.

लान्यिंग हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा, चांगला आवाज काढून. आणि तिने घरी फोन लावला.

"अहो, दिसतंय का?"

पलीकडे नळीचा सूं सूं आवाज. मग, "चार नंबर?"

"चार नंबर!"

"रंगावरनंच कळलं." तो दम घ्यायला थांबला. "एकदम चढवू नकोस, तसराळी फुटतील."

"फुटू देत!"

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. लोट वर जाऊन सरळ राहिला नव्हता. वारा फिरला होता, आणि तो भिंतीवरून वाकून कॉलनीकडे निघाला होता, चौथ्या मजल्याच्या उंचीने.

"अहो, तुमच्याकडे येतोय तो! खिडकी लावा. ऐकताय का, आधी खिडकी लावा!"

खोकला. पुष्कळ वेळ नुसता खोकला. तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"उघडीच राहू दे," देशुन म्हणाला. "तू सांग, श्यांगचं तोंड कसं दिसतंय?"