टिश्यूची पट्टी
सरकारी निरीक्षक फाइल चाळत होते. त्यांच्यासोबत आलेल्या तंत्रज्ञ संघटनेच्या अण्णांनी मात्र फाइलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. क्षयरोग्यांची थुंकी तपासायच्या काचपेटीच्या तोंडाशी त्यांनी टिश्यूची पट्टी चिकटवली. “ताई, पंखा लावा. हवा आत ओढली गेली पाहिजे.” प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईने बटण दाबलं. पट्टी आत वळायची सोडून थेट तिच्या तोंडावर फडफडली. “पंखा उलटा बसवलाय,” अण्णा म्हणाले. “दुरुस्ती कधी झाली?” “तीन आठवडे झाले.” पेटी असताना मास्क कशाला, असं म्हणत ती रोज इथंच बसत होती. निरीक्षकांनी फाइल मिटली, पंखा बंद केला. “घरी कोण असतं?” त्यांनी हळूच विचारलं. पट्टी आता निपचित लोंबत होती. “लेक. सात महिन्यांची,” ती म्हणाली. तिच्या श्वासाने पट्टी थरथरली. तिने चटकन तोंडावर हात दाबला.