वहीतला शेवटचा शब्द

"थायसिस म्हंजे काय, भाऊ?" पुनाबाबानं विचारलं. आत डॉक्टर त्याच्या लेकाशी बोलताना हा शब्द म्हाताऱ्याच्या कानावर पडला होता.

रुपचंद कंपाउंडर बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवत होता. पट्टीला कात्रीनं सहा खाचा, म्हणजे सहा डोस.

"छातीमा सर्दी मुरेल शे, बाबा. दुसरं काही नही."

"मांगलं औषध लई कडू व्हतं."

"हाई गोड शे."

"मंग मी बरा व्हई जासू," म्हातारा म्हणाला आणि खुशीत अमळनेरच्या बाजाराकडे निघाला. रुपचंदनं त्याच्या पाठीकडेही पाहिलं नाही.

अठरा वर्षं तो डॉक्टरांचे इंग्रजी शब्द एका वहीत उतरवत आला होता. पुढं अर्थ, आपल्या अकलेप्रमाणे. क्रॉनिक म्हणजे चिवट. स्टेथास्कोप म्हणजे छाती ऐकायची नळी. थायसिस म्हणजे क्षय, पण रोग्याला सांगायचं नाही. शेवटचा शब्द प्लासिबो: साखरेचा पाक, वेलदोडा, लाल रंग, उपाय संपले की द्यायचं. थोडक्यात, आशा असेल त्याला कडू, नसेल त्याला गोड. पुनाबाबाला शेवटचा शब्द मिळाला होता.

आणि दोन महिन्यांपासून घरात कमलबाई, त्याची बायको, खोकत होती.

तिला त्यानं आपल्या डॉक्टरांना दाखवलं नाही. दाखवलं तर तिची बाटली आपल्यालाच भरावी लागेल, आणि कुठली भरायला सांगतील याची त्याला धास्ती होती. म्हणून तो तिला मोटारीनं धुळ्याला घेऊन गेला. तिथल्या एका डॉक्टरांकडे निंबा कंपाउंडर होता. निंबा रुपचंदच्याच हाताखाली शिकला होता, ती वही त्यानं अक्षर न् अक्षर उतरवून नेली होती.

डॉक्टरांनी कमलबाईची छाती नळीनं ऐकली. ती उठता उठता म्हणाली, "खोकला तर यास्ले बी शे."

"माझं काय, पावडरी कुटून कुटून घसा धरतो," रुपचंद म्हणाला. तरी डॉक्टरांनी त्याला सदरा काढायला लावलाच. सदरा हल्ली त्याला ढगळ व्हायला लागला होता. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहून आत पाठवल्या.

निंबानं दोन बाटल्या आणून दिल्या. तपकिरी काचेच्या, बुचं घट्ट, वर नावं लिहिलेली.

"तुझ्या वहिनीला काय झालंय?" रुपचंदनं विचारलं.

"सर्दी मुरलीय छातीत," निंबा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

रुपचंदनं दोन्ही बाटल्या उचलल्या. आपलंच वाक्य आपल्याला परत मिळालं होतं. मोटारीत वाटभर त्यानं बाटल्या मांडीवर धरून ठेवल्या, पण बूच उघडायचा धीर झाला नाही. कमलबाई शेजारी डुलक्या घेत होती. हिच्यामागं आपण कसे जगणार, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

दिवेलागणीला घरी पोचल्यावर त्यानं तिच्या नावाची बाटली हलवली, डोस कपात ओतला आणि तिच्या हातात दिला. स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

कमलबाईनं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "कितलं कडू शे व माय."

रुपचंदनं तिच्या हातातला कप घेऊन तळाचा थेंब जिभेला लावला. कडू जहर. तो हसायला लागला, डोळे पुसायला लागला.

"काबर हासी ऱ्हायनात?"

"काही नही. कडू शे ना, तू बरी व्हई जाशी."

"तुम्ही बी तुमनं ल्या मंग."

त्यानं हसत हसतच दुसऱ्या बाटलीचं बूच काढलं, डोस ओतला आणि एका दमात पिऊन टाकला. कप त्याच्या हातातच राहिला.

"तुमनं कसं शे?" कमलबाईनं विचारलं.

"गोड शे," रुपचंद म्हणाला.