पायरीचा दगड

“मावशी, आता तुझी ही पायरी तेवढी राहिली,” पहार टेकवत दुइलियो म्हणाला. “बुरुजाला एकच दगड कमी पडतोय.”

“ने बाबा. पण माझ्या नावाचा दगड काही सापडला नाही तुला!”

एर्सिलियाचं हे रोजचंच गाऱ्हाणं. आठशे वर्षांचा टेहळणीचा बुरुज लढाईत सुरुंगानं उडाला, तेव्हा गावानं त्याचे दगड नेऊन घरं, गोठे, द्राक्षमळ्यांचे बांध उभारले. आता बावन्न वर्षांनी बुरुज पुन्हा उभा राहत होता आणि घराघरांतून दगड परत येत होते. तिचा भाचा दुइलियो गवंडी. तो एकेक दगड उलटून बघायचा. तिचं नाव कुठंच नव्हतं.

गावची रीतच होती. द्राक्षतोडणी संपली की पोरांनी बुरुजाच्या माथ्याच्या कठड्यावर, बाहेरच्या बाजूनं, आवडत्या पोरीचं नाव कोरायचं. कोणी कोरलं ते सांगायचं नाही, पोरीनं ओळखायचं. पोरींना वर जायला बंदी. एर्सिलियानं खालूनच आपलं नाव वाचलं. संध्याकाळी नाचताना नेल्लो डोळा मारून म्हणाला, “काय, वाचलंस का नाव?” झालं, तिनं ओळखलं!

लढाई संपल्यावर नेल्लो अर्जेंटिनाला गेला. पत्र नाही की निरोप नाही. तीन वर्षं वाट पाहून तिनं ओरेस्तेशी लग्न केलं.

“भला होता रे तुझा काका,” ती म्हणाली, “पण उभ्या जन्मात एक गोड शब्द बोलला नाही. गाव त्याला गोगलगाय म्हणायचं, तर हा शहाणा टोपल्यांवर, पिंपांवर गोगलगायच कोरायचा, खूण म्हणून! गेल्या वर्षी गेला, तेव्हा मला धड रडूही आलं नाही. वाटलं, चुकलंच आपलं. नेल्लोसाठी थांबायला हवं होतं.”

“पायरी काकानंच बसवली ना?”

“लग्नाच्या आदल्या दिवशी. पण स्वतः कधी तिच्यावर पाय दिला नाही. ढांग टाकून जायचा. मी म्हणायचे, बघा, गोगलगाय उडी मारतेय! नुसता हसायचा.”

दुइलियोनं पहारीवर भार टाकला. दगड उलटला. माती झटकता झटकता त्यानं तिला हातानं खुणावलं.

“काय रे?”

ती वाकली. अक्षरं ओळखीची होती. एर्सिलिया.

“अगं बाई! नेल्लो...” म्हणत ती गुडघ्यांवर बसली आणि एप्रनच्या टोकानं उरलेली माती पुसू लागली.

नावाखाली एक छोटीशी गोगलगाय होती.