ओळखीचं कडं

विशेष बी.एड.च्या पहिल्या सरावपाठाला शलाकाने मनगट पुढे केलं. शाळेतल्या छोट्या रेवतीला दिसतही नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. ती माणसं मनगटावरूनच ओळखायची. पितळी कडं बोटांना लागताच तिने शलाकाचा हात झिडकारला.

"मॅडम, आज पहिल्यांदाच भेटतेय मी तिला! माझं काय चुकलं?"

"काही नाही गं," शाळेच्या मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक बॅचला आम्ही हेच कडं देतो. पोरीला ओळखीचं वाटावं म्हणून."

शलाकाने कड्याकडे पाहिलं. म्हणजे रेवतीच्या लेखी बाई एकच होती. लळा लावून दर वर्षी न सांगता निघून जाणारी!

तिने कडं ओरबाडून काढलं आणि स्वतःच्या बोटातली अंगठी पुढे केली. रेवतीने ती चाचपली, हसली, आणि बोट घट्ट धरून ठेवलं.

शलाकाचे सरावपाठ महिनाअखेर संपणार होते.