मल्हाररावांची मिशी

"मिशी कुठं गेली, अण्णा? घरात कोण वारलं की काय?" ऑटो सुरू करता करता गुंडोनं विचारलं.

"अजून काही झालं नाही. होऊ नये म्हणून काढली," मल्हारराव पुटपुटले आणि उघड्या ओठावर रुमाल धरून बसले.

गुंडो काय ते समजला. नवस!

शेजारी त्यांची बायको, संयोगिताअक्का. निळे डोळे, कापसासारखे केस, अंगावर इरकली लुगडं, मांडीवर घट्ट धरलेली फाईल. कालच ती म्हणाली होती, "गुंडो, राहायची मुदत उद्या संपते. वाढवून नाही मिळाली तर देश सोडायचा. सकाळी ऑटो आण." तेव्हापासून गुंडोला घास गोड लागला नव्हता.

बाई होतीच तशी. सातासमुद्रापलीकडून आली, सासरचं नाव घेतलं आणि शिवाजीनगरच्या गल्लीत अशी रुजली की विचारू नका. नवरा पंधरा वर्षं परदेशी नोकरीत, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं हिनं केलं. हिची भाकरी तव्यावर फुगली की समोरच्या झाडावरची कबुतरं दचकून उडत. गुंडोनं स्वतः पाहिलं होतं.

"अक्का, ते जन्मभर राहायचं कार्ड असतं म्हणे. ते का नाही काढलं?"

"कितीदा विषय निघाला. पण घर आपलं, गल्ली आपली, मग कार्ड कशाला? हे यांचं म्हणणं!"

मल्हाररावांनी रुमाल ओठावर आणखी घट्ट धरला.

कचेरीत खिडकीपाशी अक्कानं फाईल सरकवली. गुंडोला राहवेना. हात जोडून तो कन्नडमध्ये सुरूच झाला, "साहेब, स्वल्प ऐका. लंकेत सीता राहिली नसेल इतक्या धीरानं ही इथं राहिली. आता म्हातारपणी कुठं धाडता? हिच्यासाठी या मराठ्यानं मिशी दिली हो, मिशी!"

अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला. फोटो पाहिला. मग अक्काकडे पाहिलं.

"अम्मा, तुम्ही बाजूला व्हा. तुमचं इथं काम नाही."

गुंडोनं पुन्हा हात जोडले. अक्का मात्र लगेच बाजूला झाली.

"इथं फक्त परदेशी नागरिकानं उभं राहायचं," अधिकारी म्हणाला आणि त्यानं पासपोर्ट मल्हाररावांच्या तोंडासमोर धरला. "सर, रुमाल काढा. हां... आता फोटोशी जुळतं."