खडीसाखरेचं मडकं

उकंडरावांनी मडक्यातला उरलेला पाक परातीत ओतला आणि हातोडी उचलली. सून अन्नपूर्णा दाराबाहेर उभी होती. खोलीचा उंबरा ओलांडायची तिला बंदी होती, आणि त्या बंदीची तिला इतकी चीड आली होती की दातावर दात दाबून जबडा दुखायला लागला होता.

कंट्रोलचे, रेशनचे दिवस. मोठ्या मिनतवारीने साखर मिळायची, आणि त्या साखरेची दोन मडकी या उन्हाळ्यात वाया गेली होती. पाकात सोडलेल्या दोऱ्यांवर खडे धरलेच नाहीत, तळाशी साखरेची नुसती रेती बसली. दोन्ही वेळा उकंडरावांनी खापर सुनेच्या डोक्यावर फोडलं. विटाळशीची सावली पडली म्हणे! तिसरं मडकं बिघडलं तर तिला कायमची धामणगाव बढ्याला माहेरी पोचवणार, हे त्यांनी साऱ्या देऊळघाटाला ऐकवून ठेवलं होतं. निवृत्ती तिचा नवरा खरा, पण बापापुढे त्याची दातखीळ बसायची.

खरं काय ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या मडक्याला सात दिवस धक्कासुद्धा लागू नये, त्यावरचं घोंगडं म्हातारा रोज संध्याकाळी उचलायचा आणि साखर किती चढली म्हणून दोरे हलवून बघायचा. एकदा ती बोललीही होती. "बाईनं मले धंदा शिकवू नये," एवढंच उत्तर मिळालं.

या खेपेला मात्र मडकं लावलं त्याच दिवशी मेहकरहून बहिणीच्या दुखण्याचा निरोप आला. खोलीला कुलूप घालून, किल्ली निवृत्तीकडे देऊन म्हातारा गेला, तो सात दिवसांनी, आज सकाळी परतला होता.

हातोडी बसली. खापऱ्या गळून पडल्या.

दोऱ्यांवर सुपारीएवढाले खडे लगडले होते, काचेसारखे स्वच्छ.

उकंडरावांनी एक खडा मोडून तोंडात टाकला. "पाह्यलं काय बे निवृत्ती? सावली नाही पडली, त कशी धरली साखर!"

अन्नपूर्णेने उंबरा ओलांडला.

"मामाजी, किल्ली मी घेतली होती. कोणी घोंगडं उचलू नये म्हणून सातही दिवस मी या मडक्यापाशी निजली." तिने लगडलेल्या दोऱ्यांकडे बोट केलं. "त्यातले चार दिवस मी बाहेरची होती."

म्हाताऱ्याने लेकाकडे पाहिलं. निवृत्तीने मान वर केली.

"हाव बाबा. किल्ली म्याच देली तिले."

उकंडराव लालबुंद झाले. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गालात खडा होता. थुंकावा की गिळावा, त्यांना कळेना. सून समोरच उभी होती, हलत नव्हती.

खडा चांगला धरलेला होता. लवकर विरघळणारा नव्हता.